पाऊण इंच पोलाद

सॉफ्टबॉलचा बूट उलटा करून मांडीवर घेतला की बोटांना आधी लागतात ती पाती. क्रिकेटच्या बुटाला असतात तसे टोकदार खिळे नव्हेत. ही चपटी, पोलादी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी आखूड पाती असतात, काही चवड्याखाली आणि काही टाचेखाली, बहुतेक बुटांना मिळून सहा ते नऊ. त्यांची उंची पाऊण इंचाच्या, म्हणजे १.९ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. गोल दांड्याचे धातूचे खिळे चालत नाहीत. तळव्यात आत फिरवून बसवायचे स्टड चालतात, पण तळव्यातून बाहेर आलेल्या आट्यांवर वरून फिरवून बसवायचे चालत नाहीत. वरचा स्टड निखळला तर खाली उघडा स्क्रू उरतो आणि तो पात्यापेक्षा वाईट जखम करतो, हे त्यामागचं साधं कारण.

हे पाऊण इंच पोलाद किती वयाच्या मुलांच्या पायाखाली असावं, हा मुलांच्या सॉफ्टबॉलमधला जुना वाद आहे. मोठ्यांच्या खेळात तो केव्हाच मिटला. दहा-बारा वर्षांची मुलगी दुसऱ्या बेसकडे, म्हणजे धावपटूनं पायानं गाठायच्या जमिनीवरच्या चौकोनी गादीकडे, झेपावते आणि तिथे तिच्याच वयाची दुसरी मुलगी ग्लव्ह खाली धरून उभी असते, तेव्हा तो पुन्हा उभा राहतो. त्यात ‘पोलाद धोक्याचं’ आणि ‘पोलादाशिवाय पाय घसरतो’ अशी दोन वाक्यं एकमेकांवर आदळत राहतात. दोन्ही खरी आहेत. म्हणूनच प्रश्न बुटापाशी संपत नाही. जमीन, बेस आणि घसरण्याची, म्हणजे बेस गाठताना मुद्दाम जमिनीवर बसून सरकत जाण्याची रीत या तिन्हींकडे बघावं लागतं.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तेव्हा पकडीचा प्रश्नच नव्हता. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, जॉर्ज हॅनकॉकने बॉक्सिंगच्या हातमोज्याला दोरी बांधून त्याचा चेंडू केला आणि छपराखाली, लाकडी फरशीवर डाव मांडला. खेळ पुढे अंगणात, मैदानात, मातीत आला आणि मातीबरोबर घसरणं आलं. मैदान मात्र लहानच राहिलं. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, सॉफ्टबॉलमध्ये ६०. सव्वाअठरा मीटर. चांगली धावपटू हे अंतर तीन सेकंदांच्या आसपास कापते. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातून चेंडू अर्धा सेकंद उशिरा सुटला तरी निकाल फिरतो. त्यात वेगवान गोलंदाजीच्या सॉफ्टबॉलमध्ये धावपटूला बेसबॉलसारखी आगाऊ आघाडी घेता येत नाही, म्हणजे बेस सोडून आधीच पुढे सरकून उभं राहता येत नाही. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या हातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसला टेकलेला हवा. म्हणजे बेस चोरायचा, फटका बसायची वाट न बघता पुढचा बेस गाठायचा, तर पहिलं पाऊल उभ्या जागेवरून, पूर्ण ताकदीनं पडतं. ते पाऊल अर्ध्या वितीनं मागे सरकलं तर पुढची सगळी धाव वाया. पोलादाची ओढ इथून सुरू होते आणि ती खोटी नाही.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. ४० किलो वजनाची मुलगी, पहिल्या पावलाला टाच उचललेली, सगळा भार एका चवड्यावर. चवड्याखाली पाच पाती, प्रत्येकाची कड दोन मिलिमीटर जाड आणि वीस मिलिमीटर रुंद. पाचही कडा मिळून दोन चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोचा दाब. आता साच्यातून काढलेल्या रबरी तळव्याचा बूट घ्या. चवड्याखाली सात स्टड, प्रत्येकाचं टोक साधारण एक चौरस सेंटिमीटर. दाब होतो पावणेसहा किलो. साडेतीन पटींचा फरक. धावताना वजनाच्या कितीतरी पट जोर पायावर येतो, पण प्रमाण हेच राहतं. आवळलेल्या, किंचित ओलसर मातीत पातं पुरतं रुततं, रबरी स्टड अर्धा रुततो. चिखलात फरक आणखी वाढतो. रबरी स्टडच्या मधल्या खाचा चिखलानं भरतात आणि बूट सपाट होतो, तर पात्यांना चिकटायला जागा कमी असल्यानं माती झडते.

पण हा हिशेब जमीन रुतू देणारी असेल तरच खरा. उन्हानं भाजलेल्या कडक मुरमावर पातंही रुतत नाही. मग बूट जमिनीवर टेकत नाही, पात्यांवर उभा राहतो. चवड्याखाली आणि टाचेखाली दोन-तीन ठिकाणी टोचणारा दाब तसाच हाडापर्यंत जातो. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या टाचेच्या हाडाला मागे एक वाढीचं टोक असतं आणि ते कूर्चेनं जोडलेलं असतं. पोटरीचा स्नायू त्याला वरून ओढतो, जमीन खालून ठोकते. ही टाचदुखी धावणाऱ्या मुलांमध्ये नेहमी दिसते. कठीण जमिनीवर धातूचे बूट घालणं म्हणजे तिला आमंत्रण. सरावानंतर मूल चवड्यावर चालायला लागलं, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळवळलं, तर बूट बदला आणि काही आठवडे धाव कमी करा. मुलाला ‘सहन कर’ म्हणू नका.

सिमेंटवर तर पोलाद सरळ घसरतं. डगआउटची (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेची) फरशी, शाळेचा जिना, पार्किंग, या ठिकाणी पात्यांचा बूट घालून चालणारं मूल मैदानापेक्षा जास्त धोक्यात असतं. कृत्रिम गवतावर आणि फलंदाजीच्या जाळीतल्या चटईवर धातू बहुतेक ठिकाणी चालू देत नाहीत, कारण पाती गवताचे धागे आणि शिवण उसवतात. म्हणून नियम एकच ठेवावा. पात्यांचे बूट पिशवीतून न्यायचे, रेषेपाशी बसून घालायचे आणि खेळ संपला की तिथेच काढायचे.

पोलादानं इजा कोणाला होते? चित्र डोळ्यासमोर येतं ते दुसऱ्या बेसवरचं, धावपटूचा उंच पाय आणि बचाव करणारीची नडगी. तशा जखमा होतात. पण धातू अंगाला लागण्याची एक अगदी नेहमीची जागा पहिला बेस असते, आणि तिथे कुणी घसरतही नसतं. फलंदाज जीव खाऊन सरळ धावत येते, पहिल्या बेसवरची खेळाडू चेंडूसाठी ताणलेली, तिची टाच बेसच्या काठावर. धावणारीचं पाऊल बेसच्या मधोमध पडण्याऐवजी त्या टाचेवर पडतं. रबरी बूट असेल तर सूज येते. पातं असेल तर टाचेमागच्या जाड कंडरेपर्यंत कापलं जाऊ शकतं. यावरचा उपाय बुटात नाही, बेसमध्ये आहे. पहिला बेस दुहेरी ठेवायचा. १५ इंच रुंद आणि ३० इंच लांब, अर्धा पांढरा आत आणि अर्धा नारिंगी रेषेबाहेर. बचाव करणारी पांढऱ्यावर, धावणारी नारिंगीवर. ज्या मैदानावर दुहेरी बेस नाही तिथे पोलादाची परवानगी देणं मला चूक वाटतं, वय काहीही असो.

दुसरी इजा स्वतःची स्वतःला होते, आणि तिची चर्चा फारच कमी होते. पाय जमिनीत घट्ट रोवला आहे आणि अंग वळतंय, अशा वेळी मधला सांधा पिळला जातो. तो सांधा म्हणजे गुडघा. फटका मारताना मागचा पाय चवड्यावर फिरला पाहिजे. रबरी स्टड तो फिरू देतो. पातं पूर्ण रुतलेलं असेल तर बूट जागीच राहतो आणि कमरेची सगळी फिरकी गुडघ्यात उतरते. वयात येणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातल्या पुढच्या तिरक्या अस्थिबंधाला (एसीएल) मुलांपेक्षा जास्त इजा होतात, हे अनेक खेळांमध्ये दिसून आलेलं आहे. म्हणून तेरा-चौदाव्या वर्षी पोलाद पायात येतं तेव्हा फलंदाजीतला पायाचा फिरवा आधी तपासावा लागतो. मागच्या पायाची टाच उचलली जाते का? चवड्याखाली वाटोळा ठसा उमटतो की नुसतीच खोल चीर? माती बघून कळतं.

पिचरचा तिसराच प्रकार. चेंडू सोडताना तिचा मागचा पाय अंगठ्याच्या बाजूनं मातीवरून फरफटत पुढे येतो. पात्यांच्या बुटानं त्या फरफटीची लांबट खाच बनते, दोन-तीन डावांत वीतभर खोल नाही तरी घोटा मुरगळेल इतकी नक्की. दर डावानंतर ती खाच भरून, पाणी शिंपडून, पायानं दाबायची. नुसती सुकी माती लोटली तर पुढच्या चार चेंडूंत ती उडून जाते.

आता घसरण्याकडे. इथे जरा थांबायला हवं, कारण या वादात जो पुरावा सर्वांत भक्कम आहे तो बुटांबद्दल नाहीच.

१९८०च्या दशकात मिशिगनमधल्या ॲन आर्बरचे अस्थिशल्यविशारद डेव्हिड जांडा आणि त्यांचे सहकारी हौशी सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांच्या दुखापती पाहत होते. घसरताना घोटा मोडलेले, पाय पिळवटलेले खेळाडू. त्यांनी बूट बदलले नाहीत, खेळाडू बदलले नाहीत, बेस बदलले. नेहमीचा बेस जमिनीत पुरलेल्या नळीत खुंटीसारखा बसतो. खेळाडू त्याच्यावर आदळली तर बेस हलत नाही, पाय मोडतो. दुसऱ्या प्रकारात जमिनीशी समतल रबरी पट्टा पुरलेला असतो आणि वरचा बेस त्याच्यावर बटणासारखा अडकवलेला असतो. जोराचा आडवा धक्का बसला की तो सुटून सरकतो. त्यांच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्क्या बेसवरच्या ६२७ सामन्यांमध्ये घसरण्याच्या ४५ दुखापती नोंदल्या गेल्या. सुट्या होणाऱ्या बेसवरच्या ६३३ सामन्यांमध्ये फक्त २. एकीकडे चौदा सामन्यांना एक दुखापत, दुसरीकडे तीनशेहून अधिक सामन्यांना एक. घट ९६ टक्क्यांच्या जवळपास.

हे आकडे मोठ्या माणसांचे आहेत, मुलांचे नाहीत, आणि पोलाद विरुद्ध रबर अशी ती तुलना नव्हती. पण कारण स्पष्ट आहे. घसरणाऱ्या शरीराचा वेग कुठेतरी जिरायला हवा. बेस सरकला तर तो बेसमध्ये जिरतो, नाही सरकला तर घोट्यात. पातं इथे काय करतं? ते बेसच्या कडेत किंवा बेसच्या आधीच्या मातीत अडकतं आणि पायाला वेळेआधी थांबवतं. अंग पुढे, पाऊल मागे. म्हणजे पोलाद हा पक्क्या बेसच्या दोषाला जोड देणारा दोष आहे. एखादी संघटना धातूवर बंदी घालते आणि बेस मात्र पक्केच ठेवते, तेव्हा ती लहान धोका काढून मोठा तसाच ठेवते, असं माझं मत आहे.

अमेरिकेत नियमांनी वयाची एक रेषा ओढलेली आहे. यूएसए सॉफ्टबॉल या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत १२ वर्षांखालच्या आणि त्याहून लहान गटांना धातू नाही. १४ वर्षांखालच्या गटापासून पुढे चालतो. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल संघटनेत मेजर (साधारण बारा वर्षांपर्यंतच्या) आणि त्याखालच्या विभागांत फक्त साच्याचे रबरी स्टड. ज्युनियर आणि सीनियर विभागांत धातू चालतो. हायस्कूल आणि कॉलेजलाही चालतो. याच टप्प्यावर खेळ दुसऱ्या एका अर्थानंही मोठा होतो. १० वर्षांखाली पिचर ३५ फुटांवरून टाकते आणि चेंडू ११ इंच घेराचा असतो. १२ वर्षांखाली ४० फूट आणि १२ इंच. १४ वर्षांखाली थेट ४३ फूट, जे महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतलं अंतर आहे. म्हणजे मोठ्यांचा पल्ला आणि मोठ्यांचे बूट मुलीच्या हाती एकाच वर्षी येतात.

ही रेषा मला योग्य जागी वाटते, पण अपुरी वाटते. वय ही फक्त सोयीची मोजपट्टी आहे, कारण पंचाला जन्मदाखला तपासता येतो, घसरण्याची रीत तपासता येत नाही. तेराव्या-चौदाव्या वाढदिवसाला कुणाला घसरता येऊ लागत नाही. आधीच्या हंगामात रबरी बुटांत ते शिकलेलं असावं लागतं.

शिकवायचं कसं, तर बूट काढून. जुने मोजे, फुल पँट, ओलं गवत किंवा गवतावर पसरलेली ताडपत्री, वर पाण्याचा सपका. बेसच्या जागी गोणपाटाची घडी, न पुरलेली. पहिल्या दिवशी धावणंच नाही. जमिनीवर बसून आकार शिकायचा. एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात दुमडून सरळ पायाच्या खाली, इंग्रजी चारच्या आकड्यासारखा. आपल्या ‘४’सारखा नव्हे, तो करायला गेलं तर दोन्ही पाय वर जातील. कोणता पाय खाली जातो हे मुलीवर सोडावं. तीन-चारदा बसायला सांगितलं की अंग आपोआप एकच पाय दुमडतं.

आता दुमडलेल्या पायाचं पाऊल बघा. सगळी मेख तिथे आहे. सगळे वरच्या, पुढे गेलेल्या पायाकडे बघतात, कारण तोच बचाव करणारीला लागतो. पण घसरणारीचा स्वतःचा घोटा मोडतो तो बऱ्याचदा खालचा. दुमडलेल्या पायाचा तळवा जमिनीकडे असेल तर पाती मातीत रुततात आणि अंगाचा सगळा भार त्या वाकड्या घोट्यावरून जातो. तळवा बाजूला वळलेला हवा, म्हणजे मातीला लागेल ती पोटरीची बाहेरची बाजू आणि कुल्ला. मोज्यांत हे चुकलं तर फक्त खरचटतं. पात्यांत चुकलं तर हंगाम जातो.

वरचा पाय गुडघ्यात किंचित सैल, बोटं आकाशाकडे, टाच जमिनीपासून चार ते सहा इंच वर. त्याहून वर गेली तर समोरच्या मुलीच्या नडगीवर जाते. खाली राहिली तर मातीत रुतते. हनुवटी छातीला टेकलेली, नाहीतर मागे पडताना डोकं आपटतं. हात वर, मुठी मिटलेल्या. दोन्ही मुठींत चिमूटभर गवत धरायला सांगा; गवत सोडायचं नाही म्हटलं की हात टेकला जात नाही. मागे टेकलेल्या तळव्यावर सगळं वजन आलं की मनगट जातं.

आकार बसला की चालत येऊन, मग हळू धावत, मग पूर्ण वेगात. बेसच्या आठ ते दहा फूट आधी बसायला सुरुवात. उडी नाही. धावतानाच कंबर खाली घेत बसायचं. लहान मुलींची सर्वांत मोठी चूक म्हणजे उशीर. चार फुटांवर येऊन घसरलं तर वेग जिरायला जमीनच उरत नाही आणि बेसवर पाय ठोकला जातो. दुसरी चूक उशिरापेक्षाही वाईट, मध्येच मन बदलणं. अर्धी खाली गेलेली मुलगी ‘आता पोचलेच’ म्हणून उभी राहायला बघते, तेव्हा एक पाय रुतलेला असतो आणि अंग उठत असतं. म्हणून सरांनी आणि मॅडमनी सरावात एक गोष्ट पक्की करावी. घसरायचं ठरलं की घसरायचं, चेंडू पाठीमागून सुटून गेला तरीही.

पोट टेकून, हात पुढे करून घसरणं मोठ्यांच्या खेळात दिसतं आणि मुलांना त्याचं आकर्षण असतं. लिटल लीगच्या मेजर विभागापर्यंत पुढच्या बेसकडे जाताना ते चालत नाही; मागच्या बेसकडे परतताना चालतं. धातूच्या संदर्भात या नियमाचं महत्त्व आणखी वाढतं. बचाव करणारीच्या पायातही पाती असतात आणि हात पुढे केलेल्या मुलीची बोटं थेट त्यांच्याखाली जातात. धावणारीचं पोलाद सगळ्यांना दिसतं, उभ्या असलेलीचं कुणी पाहत नाही.

त्या उभ्या मुलीलाही शिकवावं लागतं. चेंडू हातात नसेल तर बेसची वाट अडवायची नाही. तो नियमभंग आहे, आणि मुलांच्या सामन्यात पंचांनी तो दर वेळी द्यायला हवा, ‘लहान आहेत’ म्हणून सोडू नये. चेंडू आल्यावर बेसच्या एका बाजूला राहायचं, ग्लव्ह बेसच्या पुढच्या कडेशी जमिनीलगत ठेवायचा, धावणारीचा पाय ग्लव्हला लागू द्यायचा आणि लागताच ग्लव्ह वर उचलायचा. मोकळा हात ग्लव्हच्या आधाराला पुढे नेण्याची सवय मोडायची. चामड्यावर पातं आलं तर ओरखडा, उघड्या बोटांवर आलं तर टाके. नडगीवर जाड, गुडघ्यापर्यंतचे मोजे. कॅचरला, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारीला, तर पायाचं कवच असतंच.

महाराष्ट्रात हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात येतो. जळगाव, अमरावती, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतून आणि त्यांच्या आसपासच्या शाळांतून सॉफ्टबॉल गंभीरपणे खेळला जातो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. पण सॉफ्टबॉलचे पात्यांचे बूट इथल्या खेळाच्या दुकानात सहसा मिळत नाहीत. मिळतात ते क्रिकेटचे स्पाइक्स, टोकदार, गोल दांड्याचे. नाहीतर मैदानी शर्यतींचे खिळ्यांचे बूट. ‘धातू चालतो’ एवढंच ऐकून पालक तेच घेऊन येतात. हे बूट सॉफ्टबॉलला कोणत्याही वयात चालत नाहीत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. चपटं पातं कातडीवर कडेनं आलं तर कापतं. टोकदार खिळा खाली भोसकतो. त्याची जखम वरून मुगाएवढी दिसते आणि आत किती खोल गेली ते कळत नाही. घसरताना खिळा मातीत पात्यापेक्षा खोल जातो आणि सहज सुटत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज सरळ रेषेत धावून पाय रोवतो, बेसवर घसरत नाही. म्हणून तिथे तो खिळा शोभतो.

मग काय घ्यावं? बहुतेक मुलांसाठी फुटबॉलचे रबरी साच्याचे स्टड पुरतात. फक्त अंगठ्यापुढे, अगदी टोकाला स्टड नसलेले बघा. कठीण मुरमाच्या मैदानावर तर बारीक, भरपूर रबरी ठिपक्यांचे बूट सर्वांत बरे, कारण भार पसरतो. माप मात्र पायाचंच घ्यावं. ‘वाढत्या अंगाचं’ घेण्याची आपली जुनी सवय शाळेच्या गणवेशाला ठीक आहे. एक नंबर मोठ्या बुटात स्टड चवड्याच्या पुढे जातात, टाच आत सरकते आणि पाय वळतो तेव्हा बूट वळत नाही. उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे.

आणि बेस. जिथे बेस म्हणजे कॅनव्हासची किंवा रबराची गादी आणि कोपऱ्यांत ठोकलेले चार लोखंडी खिळे, तिथे बुटातल्या पोलादाची चर्चा करण्याआधी त्या खिळ्यांकडे बघा. दोन सामने झाले की मुरूम सैल होतो, खिळ्याची डोकी अर्ध्या इंचानं वर येतात. घसरत येणाऱ्या पोटरीला ते डोकं कसलाही नियम न बघता लागतं. सुटे होणारे बेस विकत घेणं जमत नसेल तर सरावासाठी खिळे नकोतच. खाली खडबडीत रबर असलेली मोकळी गादी ठेवा, ती सरकली तर सरकू द्या आणि दर खेपेला जागेवर आणा. सामन्यासाठी खिळे लागलेच तर डोकी गादीच्या पातळीखाली ठोकून वर चिकटपट्टी, आणि दर डावानंतर हातानं चाचपणी. बेसच्या अलीकडचा दहा फुटांचा पट्टा आदल्या संध्याकाळी भिजवून, सकाळी पंजानं वरचा इंचभर थर सैल करून, खडे वेचून ठेवावा. घसरायला जमीन दिली तर घसरणं सुरक्षित होतं. पावसाळ्याला लागून सामने असतील तर काळ्या मातीचं मैदान टाळावं. तिथे रबरी बूट अर्ध्या डावात चिखलाचा गोळा होतो आणि मग कुणीतरी पोलाद मागतंच.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतून हल्ली बऱ्याच मुली गावातल्या लीगमध्ये खेळतात. तिथे प्रश्न उलटा असतो. दुकानात गुलाबी, निळे पात्यांचे बूट दहा वर्षांच्या मापातही टांगलेले दिसतात, कारण बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या वेगवेगळ्या संघटना वेगवेगळे नियम लावतात आणि दुकान सगळ्यांना विकतं. घेण्याआधी आपल्या लीगचं त्या वर्षाचं नियमपत्रक बघावं. पंचानं सामन्याच्या सुरुवातीला बूट बाहेर काढायला लावले तर मूल अनवाणी उभं राहतं.

तेरा-चौदाच्या पुढे, पोलाद पायात आलंच, तर पहिले दोन आठवडे फक्त धाव आणि फटका, घसरणं नाही. अंगाला नव्या पकडीची सवय होऊ द्यायची. मग घसरणं, तेही सुटणाऱ्या किंवा मोकळ्या बेसवर. दर सामन्याआधी पाती तपासायची. दगडावर आपटून कडेला धार किंवा काटा आला असेल तर कानसीनं घासून गोल करायचा. रिव्हेट हलत असेल तर तो बूट बाद. आत फिरवायचे स्टड असतील तर किल्लीनं आवळायचे, एखादा हरवला असेल तर दुसऱ्या बुटातला त्याच जागेचा काढून समतोल साधू नये, नवा लावावा.

आणि सगळं करूनही कापलंच, तर प्रथमोपचाराच्या पेटीत काय आहे ते आधी माहीत हवं. स्वच्छ कापड जखमेवर दाबून दहा मिनिटं धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. रक्त थांबलं की वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच मिनिटं तरी माती धुवायची. हळद नको, चहापूड नको, माती तर नकोच. कडा उघड्या राहत असतील, आत पांढरं किंवा पिवळसर काही दिसत असेल, पुढची बोटं हलवता येत नसतील किंवा बधिर वाटत असतील, तर डॉक्टरकडे त्याच दिवशी. धनुर्वात गंजानं होत नाही. त्याचे जंतू मातीत असतात, म्हणून पातं चकचकीत नवं होतं याला अर्थ नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात धनुर्वात-घटसर्पाची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात. मळलेल्या जखमेत शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा द्यावी लागते. पंधरा-सोळाची मुलगी नेमकी त्या फटीत असते. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या शेवटच्या डोसाची तारीख संघाच्या वहीत, बुटाच्या मापाशेजारी, लिहिलेली असावी.